चौदा वर्षांच्या मुलीला वेगवान गोलंदाज व्हायचंय, आत्ताच पुण्याला पाठवावं का?

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. परभणी जिल्ह्यातल्या सेलूजवळचं गाव, तीन एकर कोरडवाहू, मुलगी नववीत. गावातल्या पोरांबरोबर टेनिस बॉलवर खेळते आणि मोठी पोरंही तिच्या चेंडूला बिचकतात. शाळेतले सर म्हणतात लेकरात दम आहे. पुण्यातल्या एका अकॅडमीने हॉस्टेलसकट वर्षाची भलीमोठी फी सांगितली आहे आणि दोन वर्षांत पोरगी महाराष्ट्राच्या संघात दिसेल असं वचनही दिलं आहे. त्यासाठी रानावर कर्ज काढावं का, आणि मुलीला गोलंदाज म्हणून खरंच काही भवितव्य आहे का, असं तुम्ही विचारता. पण माझं लक्ष अडकलं ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीवर. रविवारी मॅच झाली की सोमवारी ती कंबर धरून बसते, मग आजी तेल लावून देते.

आधी त्या कंबरेचं बघू. पुण्याचा विचार त्यानंतर.

वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना पुढचा पाय जोरात आपटतो. त्याच क्षणी पाठ मागे वाकलेली असते, एका बाजूला झुकलेली असते आणि वळतही असते. हा सगळा ताण कंबरेच्या मणक्याच्या मागच्या बारीक हाडावर येतो. वाढीच्या वयात ते हाड पक्कं झालेलं नसतं. दर आठवड्याला त्यावर तोच मार बसत राहिला की तिथे बारीक चीर पडते. उजव्या हाताने टाकणाऱ्याला हे दुखणं बहुतेकदा कंबरेच्या डाव्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी असतं. तिला एका पायावर उभं करा आणि हळूच मागे वाकायला सांगा. त्याच जागी कळ आली तर गोलंदाजी आजपासून बंद, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. त्यांना आवर्जून सांगा की ही वेगवान गोलंदाज आहे. सुरुवातीची चीर साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागू शकतो. वेळेत कळलं तर काही महिन्यांची विश्रांती आणि व्यायाम यावर बहुतेक मुली पुन्हा टाकायला लागतात. तेल लावून खेळवत राहिलं तर पुढे काय होतं ते मी आमच्या भागात पाहिलं आहे. हातात वेग असलेल्या पोरी सतराव्या वर्षी खेळ सोडून बसल्या.

कळ आली नाही, नुसता थकवा निघाला, तरी रविवारचा हिशोब बदलावाच लागेल. गावच्या स्पर्धेत काय होतं ते मला माहीत आहे. जिचा चेंडू लागतो तिलाच कप्तान पुन्हा पुन्हा बोलावतो. सकाळी एक मॅच, दुपारी दुसरी, संध्याकाळी फायनल, आणि मग सोमवार ते शनिवार काहीच नाही. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वाढत्या वयाच्या वेगवान गोलंदाजांसाठी मर्यादा आखून दिल्या होत्या. तेराव्या वर्षापर्यंत एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग, ५ आणि दिवसात १० षटकं, चौदा-पंधराव्या वर्षी एका स्पेलमध्ये ६ आणि दिवसात १२. आपल्याकडचं ऊन आणि खाणं बघता मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना त्याच्याही आत ठेवते. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पाच-सहा षटकं, मधे एक दिवस पूर्ण मोकळा. सोयाबीनला महिन्याचं पाणी कोणी एकाच दिवशी सोडत नाही, तसंच हे आहे. एक वही करा आणि रोज किती चेंडू टाकले ते तिलाच लिहायला लावा. मॅचचेही आणि सरावाचेही. ही वही मी प्रत्येक मुलीकडून भरून घेते, आणि नवीन मुलगी आली की पहिल्यांदा तीच मागते.

आता तुमचा मोठा प्रश्न. मुलीला गोलंदाज म्हणून भवितव्य आहे का?

भारताची वेगवान गोलंदाज झूलन गोस्वामी हिचं उदाहरण सगळेच देतात, पण त्यातलं नेमकं काय घ्यायचं ते क्वचितच सांगतात. पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातलं चाकदहा हे तिचं गाव. १९९७ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना कोलकात्याला ईडन गार्डन्सवर झाला, तेव्हा ती सीमारेषेवर बॉल गर्ल होती. सरावासाठी पहाटेची लोकल पकडून कोलकात्याला जायची आणि घरी परतायची. ६ जानेवारी २००२ ला चेन्नईत इंग्लंडविरुद्ध पहिला एकदिवसीय सामना खेळली आणि २४ सप्टेंबर २०२२ ला लॉर्ड्सवर शेवटचा, तोही इंग्लंडविरुद्धच. या दोन तारखांमधली वीस वर्षं बघा. २०४ एकदिवसीय सामने, २५५ बळी, दहा हजारांच्या वर चेंडू. कसोटी मिळाल्या अवघ्या १२, त्यातही ४४ बळी. २००६ मध्ये टॉन्टनला एकाच कसोटीत दहा बळी घेतले आणि भारताने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. २००७ मध्ये आयसीसीची सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरली. पाच विश्वचषकांत मिळून ४३ बळी, हा विक्रम २०२५ पर्यंत टिकला. मग दक्षिण आफ्रिकेच्या मरिझान कापने तो मागे टाकला.

तिचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास होता आणि तिच्या काळात तो फार मोठा होता. पण आज दक्षिण आफ्रिकेच्या शबनिम इस्माईलने २०२४ च्या महिला प्रीमियर लीगमध्ये (डब्ल्यूपीएल) १३२.१ किलोमीटरचा चेंडू टाकला आहे. म्हणजे वेगाचे आकडे पुढे जाणारच. झूलनकडून घ्यायचं ते वेगळं आहे. वीस वर्षं एकच ॲक्शन, म्हणजे चेंडू टाकायची ढब, उंच हात, आणि सतत एकाच टप्प्यावर पडणारा चेंडू. २० जुलै २०१७ ला डर्बीला विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. समोर ऑस्ट्रेलियाची कप्तान मेग लॅनिंग, जगातली सर्वोत्तम फलंदाज. झूलनने तिला शून्यावर त्रिफळाचीत केलं. लोकांना त्या सामन्यातल्या हरमनप्रीतच्या नाबाद १७१ धावा आठवतात. मला तो चेंडू आठवतो, कारण त्यात नवीन काही नव्हतं. पंधरा वर्षं जे टाकत आली तेच टाकलं. तीन दिवसांनी लॉर्ड्सवर अंतिम सामन्यात १० षटकांत ३ निर्धाव, २३ धावा, ३ बळी. आपण ९ धावांनी हरलो तो भाग वेगळा, त्यात तिच्या गोलंदाजीकडे बोट दाखवायला जागा नाही.

आणि शरीर साथ देत नसेल तर काय होतं तेही तिच्याच कारकिर्दीत दिसतं. २०२२ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या शेवटच्या साखळी सामन्यात बरगडीजवळचा स्नायू दुखावल्यामुळे ती बाहेर बसली. सामना शेवटच्या चेंडूपर्यंत गेला, आपण हरलो आणि स्पर्धेबाहेर पडलो. गोलंदाजाचं करिअर म्हणजे खेळायला उपलब्ध असणं. चौदाव्या वर्षी घ्यायचे निर्णय याच एका कसोटीवर घासून बघा: याने ती पंचविसाव्या वर्षी टाकू शकेल का?

म्हणून पुण्याबद्दल माझं स्पष्ट मत: आत्ता नको. कर्ज काढून तर मुळीच नको.

यावर तुम्ही भारताच्याच वेगवान गोलंदाज रेणुका सिंह ठाकूरचं नाव घ्याल. घ्यायलाच हवं. हिमाचलच्या रोहडूकडची मुलगी, वडील लहानपणीच गेले, ती किशोरवयातच धरमशालेच्या निवासी अकॅडमीत गेली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सर्वाधिक ११ बळी घेतले, ऑस्ट्रेलियाविरुद्ध तर १८ धावांत ४. पण ती अकॅडमी राज्य क्रिकेट संघटनेची होती. खेळ बघून मुली निवडणं आणि फी भरेल तिला घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. महाराष्ट्राच्या संघटनेने किंवा एखाद्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीने तुमच्या मुलीला निवडून बोलावलं तर मी स्वतः म्हणेन, पाठवा. पैसे घेऊन संघात जागा मिळवून देतो म्हणणाऱ्याकडे पाठवू नका. संघात जागा देणं कुठल्याच खासगी अकॅडमीच्या हातात नसतं, त्यामुळे असं वचन देणारा माणूस पहिल्याच भेटीत खोटं बोलतो आहे.

मला तुमच्या मुलीच्या जवळचं उदाहरण वाटतं ते भारताची वेगवान गोलंदाज क्रांती गौड हिचं. मध्य प्रदेशातल्या छतरपूर जिल्ह्यातलं घुवारा हे तिचं गाव, आपल्यासारखाच कोरडा बुंदेलखंड. मुलांबरोबर टेनिस बॉलवर खेळत वाढली, मग जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रशिक्षकाकडे गेली, मग राज्याकडून खेळली. डब्ल्यूपीएलमध्ये १० लाखांच्या मूळ किमतीला घेतली गेली. जुलै २०२५ मध्ये चेस्टर-ल-स्ट्रीटला इंग्लंडविरुद्ध ५२ धावांत ६ बळी घेतले आणि त्याच वर्षी विश्वचषकात पाकिस्तानविरुद्ध २० धावांत ३. नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा ती त्या संघात होती. गाव, जिल्हा, राज्य, देश, अशी तिची वाट. मधली एकही पायरी विकत घेतलेली नाही.

आपल्याकडच्या पायऱ्या अशा. मराठवाडा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतो. परभणी जिल्हा संघटनेकडे तिची नोंद करा आणि मुलींच्या निवड चाचण्या कधी असतात ते विचारून ठेवा. बीसीसीआयच्या मुलींच्या स्पर्धा १५, १९ आणि २३ वर्षांखालच्या गटांत आणि मग वरिष्ठ गटात होतात. तिच्या जन्मतारखेवरून १५ च्या गटात यंदा बसते का ते लगेच बघा. नाही बसली तर घाबरू नका, १९ च्या गटाला पुष्कळ वर्षं आहेत. जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या रजिस्टरमधली तारीख एकच आहे ना, हे आजच तपासा. १५ वर्षांखालच्या गटात हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वयही बघतात, त्यामुळे तारखेत फेरफार करायचा सल्ला कोणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा. शाळेच्या क्रीडा स्पर्धाही सोडू नका. तालुका, जिल्हा, विभाग अशा वर जातात, त्यातून दहावी-बारावीला ग्रेस गुण मिळतात, आणि वरच्या पातळीची प्रमाणपत्रं पुढे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाला लागतात. बारावीनंतर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा संघ आहेच, परभणी जिल्हा त्याच विद्यापीठात येतो.

मराठवाड्यातून वर जाता येत नाही हे ऐकून घेऊ नका. जालन्याचा विजय झोल १९ वर्षांखालील भारतीय संघाचा कप्तान होता. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर वेगवान गोलंदाजच आहे, तो २०२२ चा युवा विश्वचषक जिंकून आला. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा काढल्या. ही सगळी मुलं आहेत, मुलींची यादी अजून व्हायची आहे, आणि ती गुणांअभावी अडलेली नाही. मुलींसाठी मैदानावर वेळ नाही, संडास नाही, चाचणीची बातमी गावापर्यंत पोहोचत नाही, म्हणून अडली आहे. धाराशिवच्या सारिका काळेने खो-खोत अर्जुन पुरस्कार मिळवला. आपल्या मुलींच्या पायांत काय आहे हे त्यातून दिसतं. तुमची मुलगी खो-खो खेळत असेल तर थांबवू नका. धावता धावता खाली वाकणं, एकदम थांबणं, वळणं हे सगळं वेगवान गोलंदाजाला लागतं, आणि वर्षभर फक्त गोलंदाजी करणाऱ्या पोरीपेक्षा दोन खेळ खेळणारी पोरगी कमी दुखावते.

पैशाचं थोडक्यात सांगते. झूलन खेळायला लागली तेव्हा महिला क्रिकेट बीसीसीआयकडे नव्हतं, ते २००६ मध्ये आलं. वार्षिक करार २०१५ पासून. ऑक्टोबर २०२२ मध्ये महिलांचं सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. २०२३ पासून डब्ल्यूपीएल आहे. राज्याकडून खेळणाऱ्या वरिष्ठ मुलींचं दिवसाचं मानधनही वाढलं आहे. पण भारताकडून एका वेळी पंधरा-सोळा जणी खेळतात. बाकीच्यांचं घर चालतं ते नोकरीवर. रेल्वेने पिढ्यान् पिढ्या महिला क्रिकेटपटूंना नोकऱ्या दिल्या, झूलन स्वतः एअर इंडियात होती. त्यामुळे शिक्षण चालू ठेवणं हा या करिअरचाच भाग समजा. दहावीच्या वर्षी खेळ पूर्ण बंद करू नका आणि शाळाही बुडवू नका. खेळाला दिवसाचा दीड तास दिला तरी दोन्ही जमतं.

आता तो दीड तास कसा वापरायचा. उन्हाळ्यात पहाटे, इतर वेळी शाळेनंतर. तिच्यासाठी सगळ्यात मोठा बदल चेंडूचा आहे. टेनिस बॉल साठेक ग्रॅमचा असतो. महिलांच्या क्रिकेटचा लेदर बॉल १४० ते १५१ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ अडीच पट. तो एकदम पूर्ण जोराने टाकायला लावला की खांदा आणि कोपर दोन्ही बोलतात. पहिले दोन महिने अर्ध्या रनअपने, पाऊण जोर लावून, आणि तेही वहीतल्या हिशोबात धरून. दुकानदार सर्रास पुरुषांचा चेंडू देतो, महिलांचाच मागून घ्या. टेनिस बॉलवर वाढलेल्या मुलांना खांद्याऐवजी कोपराने झटका द्यायची सवय लागलेली असते. नियमात कोपर १५ अंशांपर्यंत सरळ झालेला चालतो, त्यापुढे थ्रो, म्हणजे नियमबाह्य फेक. ही सवय चौदाव्या वर्षी सुटते, अठराव्या वर्षी फार जड जातं.

ॲक्शनमध्ये मी एकच गोष्ट आधी बघते. मागचा पाय पडताना कंबर आणि खांदे एकाच दिशेला आहेत का. दोन्ही आडवे असतील तर चालतं, दोन्ही समोर असतील तरी चालतं. कंबर समोर आणि खांदे आडवे, अशी मिश्र ॲक्शन असेल तर पाठ पिळली जाते, आणि तुमच्या मुलीच्या कंबरदुखीचं मूळ तिथे असण्याची शक्यता मला मोठी वाटते. बाकी हात कसा फिरतो, उडी किती उंच, हे ज्याचं त्याचं असतं. ते बदलू देऊ नका, शाळेच्या सरांनाही तसं सांगा.

सरावाला एक स्टंप, एक चेंडू आणि चुन्याने आखलेली एक पट्टी पुरे. सीम, म्हणजे चेंडूची शिवण, उभी धरायची, आणि चेंडू ऑफ स्टंपच्या जरा बाहेर, चांगल्या लेंथवर, म्हणजे टप्प्यावर, टाकायचा. सहातले चार तिथे पडेपर्यंत यॉर्कर, स्लोअर, बाउन्सर काही शिकवायचं नाही. पोरांबरोबर खेळणाऱ्या मुली आखूड टाकायला शिकतात, कारण टेनिस बॉल आखूड टाकला की उसळतो आणि पोरं चुकतात. लेदर बॉलवर तोच चेंडू कट होऊन चौकार जातो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सिमेंटवर मॅट असते. मॅटवर चेंडू सरळ उसळतो, म्हणून तिथे सीम आणि लेंथची शिस्त लागली की पुढे गवताच्या खेळपट्टीवर चेंडू आपोआप जास्त काम करतो.

खाण्याबद्दल तिच्या आईशी बोला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या १०० मुलींमागे ५९ जणींचं रक्त कमी निघालं होतं. रक्त कमी असलेली मुलगी तिसऱ्या षटकात दमते आणि आपण म्हणतो हिच्यात चिकाटी नाही. हिमोग्लोबिन तपासून घ्या, १२ च्या खाली असेल तर डॉक्टर सांगतील तसं औषध. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती तिने खरंच गिळावी. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, डाळ, शेंगदाणे, जमत असेल तर अंडी. जेवणाला लागून चहा नको, लोह अंगी लागत नाही. आणि पाळीच्या दिवसांबद्दल तिला मोकळेपणाने बोलू द्या. त्या दिवसांत खेळलं तर बिघडत नाही, पण पोटात कळा असतील तर सरांना न सांगता सहन करत टाकणंही बरोबर नाही. पाळी तीन-चार महिने आलीच नाही तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणून सोडू नका. खाणं खेळाला पुरत नसल्याचं ते लक्षण असतं आणि हाडं कमजोर होतात, म्हणजे आपण पुन्हा त्या कंबरेपाशीच येतो.

पाठीची तपासणी झाली, डॉक्टर हो म्हणाले, की मला सहा चेंडूंचा व्हिडिओ पाठवा. फोन कमरेच्या उंचीवर धरा. तीन चेंडू बाजूने, ती टाकते त्या हाताकडून, आणि तीन मागून, पंचाच्या जागेवरून. स्लो मोशनमध्ये, पूर्ण रनअप आणि चेंडू सोडल्यानंतरची चार पावलं दिसली पाहिजेत. फलंदाज नको, नुसता स्टंप. सोबत वहीची पानंही पाठवा.